दाजींच्या मनगटाला बांधलेलं बटण

खोटं वाटेल, पण मी तिथंच होतो. गेल्या श्रावणातली भर दुपार. कोल्हापूर, राजारामपुरीतलं एक हॉस्पिटल. नाव सांगणार नाही.

माझे दाजी, कोडोलीचे सयाजीराव. आतड्याचं मोठं ऑपरेशन झालेलं.

त्यानंतरचं दुखणं मारायच्या दोन तऱ्हा डॉक्टरांनी सांगितल्या. एक, वेळ झाली की नर्स इंजेक्शन देणार. तोवर कळ सोसायची. दुसरी, मशीन. दुखलं की पेशंटनं बटण दाबायचं, मॉर्फिनचा छोटा डोस थेट शिरेत.

"बटण पेशंटनंच दाबायचं," डॉक्टर म्हणाले. "झोप लागली की त्याचा हात थांबतो. तीच राखण. दुसऱ्यानं दाबत राहिलं, तर श्वास थांबेल."

ताईनं मशीन घेतलं.

मग पाहुण्यांची रीघ. दाजींचे चुलतभाऊ हंबीरराव बटण बघून म्हणाले, "टीव्हीचा रिमोट हाय व्हय? आमच्या म्हशीला बी एक बसवा की."

बोलता बोलता हात पुढं सरकलाच. मी नर्सकडून बटण दाजींच्या मनगटाला बांधून घेतलं. मायेच्या माणसांचा मला भरवसा नाही.

उशाशी स्टुलावर एक म्हातारी बसलेली. मी चहा दिला.

"लई दुखतंय लेकराला?"

"आता मशीन आहे, मावशी. इंजेक्शन मागायला लागत नाही."

"बरं झालं. आमी वरडून मागायचो... कोण यायचं न्हाय."

पाहुणे जेवायला गेले. ताई बाकावर पेंगली. दाजी घोरत होते.

टिक...

डोस गेल्याचा आवाज.

दाजींची बोटं सैल पडलेली. म्हातारीचे दोन्ही हात मांडीवर.

मशीन आपलं आपण देत असेल, म्हटलं.

थोड्या वेळानं... टिक.

मग पुन्हा.

घोरणं थांबलं. मला बरंच वाटलं. शांत झोपले म्हणून.

मग दिसलं...

छातीच हलत नव्हती.

मी बोंब मारली. नर्स धावत आली. तोंडावर मास्क, उतारा म्हणून दुसरं इंजेक्शन. बऱ्याच वेळानं दाजींनी एक लांब श्वास ओढला.

स्टूल रिकामं होतं. चहावर साय धरलेली.

"ती म्हातारी कुठं गेली?" मी ताईला विचारलं.

"तू चहा दिलास, मला वाटलं तुझ्या ओळखीची."

हंबीरराव म्हणाले, "मी समजलो, तुमच्याकडची पावणी."

आमच्यात असंच. आलेल्याला 'कोण तुम्ही?' म्हणून विचारायचं नाही. पाहुणा रुसतो.

दाजींनी डोळे उघडले.

"तिला सांगा की कुणीतरी... दुखत न्हाय म्हणून. ऐकंनाच ती."

मशीन तपासलं. बिघाड नव्हता. तरी काढायला लावलं.

पुढच्या महिन्यात माझ्याच पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी विचारलं, बटण की इंजेक्शन?

"इंजेक्शन."

"कळ सोसावी लागेल."

"सोसतो."

फक्त ओरडायचं नाही, एवढं ठरवलंय. ओरडलं की कोण येईल... सांगता येत नाही.