तिसरा ग्लायडर

दोन ग्लायडर मी आधीच नाकारले होते. एकाचं लाकूड आतून ओलं निघालं, दुसऱ्याच्या मालकाकडे कागद मागितले तर तो हवापाण्याच्या गप्पा मारायला लागला. तिसरा बघायला निघालो तेव्हा भाची म्हणाली, "मामा, ग्लायडर घ्यायचाय की जावई शोधायचाय?"

हसायला काय जातंय तिचं! शिकवायचा, दोन आसनांचा ग्लायडर आमच्या उड्डाण क्लबकडे एकच होता आणि तो तपासणीत बाद झाला होता. महिन्याभरात दुसरा आला नाही, तर शिकवणं बंद, म्हणजे क्लबच बंद. आणि नव्यावर पहिली शिकणार होती हीच, माझ्या ताईची लेक. ताई गेली तेव्हा ही दहा वर्षांची होती. तिला मीच वाढवलं. आता बावीस वर्षांची घोडी झालीय, तरी माझा जीव टांगलेलाच. मग मी खुसपटं काढणार नाही तर काय करणार?

तिसऱ्याच्या मालकाने शेडचं दार सरकवलं आणि मी बघतच राहिलो. तोच निळा पट्टा, पुढच्या आसनाजवळ माझ्याच हातून पडलेला ओरखडा. अरे, हा तर आमचाच! क्लबने कधीकाळी विकलेला. ह्याच्यावरच मी उडायला शिकलो. ताई स्वतः कधी उडाली नाही, उंचीला घाबरायची. पण उड्डाणाच्या वेळी पंखाचं टोक धरून धावायची तीच. खरं तर ग्लायडर वेग घेईपर्यंत दहा पावलं धावलं तरी पुरतं. ही बाई धाप लागेपर्यंत धावायची आणि मग गवतावर बसून खो-खो हसायची.

मग लक्षात आलं, काहीतरी चुकतंय. असा ग्लायडर एकाच चाकावर उभा असतो. कोणी धरलेला नसेल तर एका पंखावर कलंडतो. हा सरळ उभा होता.

"खाली टेकू दिलाय का?" मी विचारलं.

"नाही," मालक म्हणाला. "दहा-बारा वर्षं झाली, असाच राहतो."

मी गुडघ्यांवर बसून चाक, आस, सांधे, सगळं पाहिलं. खोट सापडली नाही. पंख खाली दाबला. तो दबला आणि सावकाश वर आला. शेड गार होती, पण पंखाचं टोक हाताला कोमट लागलं. भाचीनेही तिथे हात ठेवून पाहिला.

चाचणीसाठी बाहेर काढला. गवतावर दव होतं. ग्लायडरला इंजिन नसतं; मालक त्याला दोराने ओढून वर चढवायच्या यंत्राकडे निघाला.

"अहो, पंख कोण धरणार?"

"धरावा लागत नाही," तो मागे न बघता म्हणाला.

तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण भाची पुढच्या आसनावर पट्टे आवळून बसलीसुद्धा होती, आणि खोटं कशाला बोलू, मलाही त्यात पुन्हा बसायचं होतं. मी मागे बसलो.

दोर ताणला. पंख जराही झुकला नाही.

वर शांत होतं. उंचीवर पोचल्यावर दोर सुटला तेव्हा मी सवयीने खाली पाहिलं.

दवात चाकाची काळी रेघ होती. आम्ही जमीन सोडली तिथे ती संपली होती.

तिच्या बाजूला, पंखाच्या टोकाइतक्या अंतरावर, दुसरी रेघ होती. बारीक, तुटक. पावलांची.

ती वाढत होती.

मी डावीकडे वळलो. रेघही वळली.

"मामा," भाची काचेतून खाली बघत म्हणाली, "उतरूया आता. दमेल ती."