पान अठ्ठ्याऐंशी

माधवीने ते व्याख्यान द्यायचं कबूल केलं, ते थोरल्या भावाच्या आग्रहाखातर. विकास अमेरिकेत असायचा. नव्वदनंतर संगणकवाल्यांना तिकडची दारं उघडली, त्या पहिल्या लोंढ्यातच तो गेला आणि तिथलाच झाला. नल्लकुंट्याच्या घरात उरले ते त्यांचे वडील नाना, आणि त्यांची उस्तवार करणारी माधवी. ती विद्यानगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. लग्न राहूनच गेलं होतं. काचीगुड्याला धान्याचं मोठं दुकान चालवलेले, समाजात शब्दाला वजन असलेले हिम्मतराव नाना गेली दोन वर्षं अंथरुणाला खिळले होते. कूस बदलायची तरी माधवीला हाक मारावी लागे.

त्यांच्या समाजात मृताला अग्नी देत नाहीत, पुरतात. दफनभूमीच्या जुन्या वह्या पंच रद्दीत घालायला निघाले, तेव्हा माधवीने त्या घरी आणल्या आणि वर्षभर बसून नावांची यादी केली. परदेशी गेलेल्यांना आता वंशावळीची ओढ लागली होती. पणजोबा कधी वारला, आजी कुठे पुरली, याचा पुरावा दुसरीकडे कुठेच नव्हता. विकास म्हणाला, इंटरनेटवरून तासभर बोल, अकरा कुटुंबं ऐकणार आहेत.

ते साल २००९. डिसेंबरातला रविवार, सकाळचे साडेसात. तिकडे शनिवारची संध्याकाळ. गल्लीत धुकं इतकं उतरलं होतं की समोरचं फाटक दिसत नव्हतं. नानांच्या खोलीचं दार तिने सताड उघडं ठेवलं, त्यांचा खोकला कानावर यावा म्हणून, आणि ती संगणकापुढे बसली.

बोलणं छान रंगलं. वह्यांतला जुना फसली सन इंग्रजी सालात कसा मोजायचा, कारकुनाचं अक्षर कसं लावायचं, एकाच नावाची दोन माणसं कशी वेगळी काढायची, हे तिने उदाहरणं देऊन सांगितलं. एका बाईला आपला पणजोबा सापडला, ती पडद्यावरच डोळे पुसू लागली.

फक्त अठ्ठ्याऐंशीवं पान माधवीने कुणाला दाखवलं नव्हतं. ते तिने वहीतून सोडवून फायलीखाली सरकवलं होतं. त्या पानावर १९५१ ते ५७ या काळातल्या चार नोंदी होत्या. चारही मुली, चौघींचं वय तीन दिवस, बाप हिम्मतराव. नाव एकीचंही नाही. आणि प्रत्येक नोंदीपुढे कारकुनाने बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: खड्डा मरणाच्या आदल्या दिवशी सांगितला.

ते वाचल्यावर तिने नानांना एकदाच विचारलं होतं. ते भिंतीकडे पाहत म्हणाले, पोरी टिकत नव्हत्या. मग विकास झाला आणि टिकला. त्याच्या पाठीवर माधवी झाली, तीही टिकली. मुलगा आधी झाला म्हणून आपण राहिलो, हे तिला एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं. तेव्हापासून ती नानांना भरवायची, पण त्यांच्याशी बोलायची नाही.

शेवटी काही विचारायचंय का, असं तिने म्हटलं, तेव्हा पडद्यावर बारावी चौकट उघडली. काळी. तिच्यावर नाव नव्हतं.

"ताई, एक पान राहिलं जी..." बाईचा आवाज होता, अगदी जवळून बोलल्यासारखा.

माधवी म्हणाली, ते पान खराब झालंय, वाचता येत नाही.

"खराब नाही... तुमच्या हाताखाली आहे."

तिचा हात खरोखरच त्या फायलीवर होता. खोलीत ओल्या, नुकत्याच उकरलेल्या मातीचा वास भरला. तिने पान ओढलं आणि वाचू लागली. भीतीने म्हणा, की वर्षभर साठलेल्या संतापाने. पहिली नोंद वाचून ती थांबली.

"जी," काळ्या चौकटीतून आवाज आला. शाळेत हजेरी देतात तसा.

दुसरी वाचली. "जी." हा आवाज वेगळा होता, थोडा लहान.

तिसरी वाचली. "जी..." हा संगणकातून आला नाही. तो नानांच्या खोलीतून आला.

चौथी वाचली. तिकडून उत्तर आलं, फार हळू, आणि पाठोपाठ ते सताड उघडं दार सावकाश लागलं. आतून कडी सरकली.

माधवीने दारावर धक्के मारले, हाका मारल्या. वरच्या मजल्यावरचे प्रकाशराव धावत आले, दोघांनी मिळून कडी उखडली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ज्यांना कूस बदलता येत नव्हती ते नाना पलंगापासून दूर, कोपऱ्यात उकिडवे बसले होते. ओंजळ पुढे धरलेली, नखांत काळी माती. ते जिवंत होते, पण त्यांची वाचा गेली ती गेलीच.

दुपारी विकासचा फोन आला. तो चिडलेला होता. बारावी चौकट कुणी पाहिली नव्हती, आवाजही कुणी ऐकला नव्हता. माधवी एकेक नोंद वाचते आहे आणि कुणाची तरी वाट पाहत थांबते आहे, एवढंच सगळ्यांना दिसलं होतं.

"चारचौघांत नानांची अब्रू घालवायची काय गरज होती?" तो म्हणाला.

"तुझ्या चार बहिणी होत्या, दादा."

मग त्याने विचारलं, ते रेकॉर्डिंग पुसता येईल का. मुलींबद्दल त्याने काहीच विचारलं नाही.

अकराव्या दिवशी नाना गेले. विकासला रजा मिळाली नाही. पंचांनी भाषणं केली, असा कर्ता पुरुष होणे नाही म्हणाले. वहीत मृत्यूची वर्दी देणारी म्हणून माधवीने एकटीने सही केली आणि ती घरी आली.

महिन्याने दाखल्यासाठी ती पुन्हा दफनभूमीच्या कचेरीत गेली. कारकुनाने वही उघडून तिच्यापुढे सरकवली आणि विचारलं, त्या दिवशी तुमच्यासोबत आणखी कोण होतं?

तिच्या सहीखाली चार अंगठे उमटले होते, ज्वारीच्या दाण्याएवढे. माधवीने त्यांवर बोट ठेवलं. शाई अजून ओली होती.