माझ्या हाताची निब

यातलं काहीही मी रचलेलं नाही. आयुष्यभर पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी केली आहे. मोजल्याशिवाय काही मानायची मला सवय नाही.

यंदाचा नोव्हेंबर. इटलीत तुरीनजवळचं सेत्तिमो, आमचं घर, आणि स्वयंपाकघराच्या बरोबर खाली असलेलं तळघर.

रात्र नव्हती. भर दुपार होती. धुक्यात समोरचं घरही दिसत नव्हतं.

तळघर एत्सिओचं. माझा नवरा. नोकरी ट्राम दुरुस्तीची, जीव मात्र फाउंटन पेनांत. लेथवर सेल्युलॉइडची, म्हणजे कापूर घालून केलेल्या प्लास्टिकची कांडी कातायला बसला की घरभर कापराचा वास सुटायचा.

त्याने कधी कुणाच्या घरी पेन नेऊन दिलं नाही. पेन तयार होत आलं की तो माणसालाच खाली बोलवायचा. गोल फिरवून वरखाली होणारं स्टूल त्या माणसाच्या उंचीला लावायचा. कोरा कागद ठेवायचा आणि त्याला स्वतःचं नाव लिहायला सांगायचा. हात कसा वळतो ते बघून मग निबेचं टोक त्या हाताला बसेल असं घासून शेवटचा हात फिरवायचा.

गल्लीतल्या सगळ्यांना त्याने पेनं दिली. मला नाही.

"तुझा हात अवघड आहे, लिविया," म्हणायचा. "पेन धरतेस की स्क्रू पिळतेस?"

"मग राहू दे. मला बॉलपेन चालतं."

"अगं, कांडी ठेवलीये तुझ्यासाठी. नीट वाळू दे. घाईने कातली तर पेन आकसतं. काम झालं की बोलावतो."

कांडी वाळायच्या आधी तोच गेला. मागच्या हिवाळ्यात.

या ऑक्टोबरात ती कांडी मीच कातली. त्याच्या शेजारी उभं राहून जेवढं शिकले होते तेवढ्यावर. डबीतली नवी निब बसवली. तिचं टोक अगदी गोल होतं. ते घासायचं माझं धाडस झालं नाही. पेन त्याच्या टेबलावर ठेवलं. स्टूल त्याच्याच उंचीला होतं. उंच माणूस होता. मी ते तसंच राहू दिलं आणि कुलूप लावलं.

मग ती दुपार आली. मी एकटी जेवत होते.

आणि खालून...

खर्र... खर्र...

मग शांत.

पुन्हा खर्र... खर्र...

मग शांत.

माझा चमचा हातातच राहिला. एत्सिओ दोनदा घासायचा आणि थांबून भिंगातून बघायचा.

खाली गेले. कुलूप जागेवर. आत कुणी नाही. पेन ठेवलं होतं तिथेच होतं.

मी निब भिंगाखाली धरली.

गोल टोकावर एक चपटी कड आली होती... अगदी बारीक.

त्या दिवशी फरशीवर पावडर पसरून ठेवली. दुसऱ्या दुपारी आवाज आला. पावडरीवर एकही ठसा नव्हता. कड मात्र वाढली होती.

वरच्या मजल्यावर नणंद राहते, नीवेस. तिला सांगितलं.

"उंदीर असेल, वहिनी."

"उंदीर निब घासतो?"

"दादाच्या तळघरातला असेल तर घासेलही! चल, दाखव मला."

ती खाली आली. मी अडवायच्या आत तिने पेन शाईत बुडवलं आणि कागदावर ओढलं. कागद फाटला.

"टोचतंय गं! कसली निब ही?" तिने हसत पेन बोटांत थोडं आतल्या बाजूला वळवलं... मी धरते तसं. माझी नक्कल ती आधीपासूनच करते.

निब कागदावरून आवाज न करता सरकली.

नीवेस हसायची थांबली.

"वहिनी, ही तू घासलीस ना?"

"नाही."

"खरं सांग."

"मला घासता येत नाही, नीवेस. तुला माहीत आहे."

तिने पेन खाली ठेवलं, एप्रनला हात पुसले आणि माझ्या आधी जिना चढली. वर आल्यावर म्हणाली, "तू नाव लिहिलं नाहीस ना अजून?"

"नाही."

"लिहू नकोस. ऐकतेस ना? त्याने बोलावलं तरी जायचं नाही."

त्यानंतर रोज दुपारी आवाज येत राहिला. खरं सांगते, मला भीती वाटायची. पण मी जेवायला त्याच वेळी बसायला लागले. ताट घेऊन, खिडकीकडे पाठ करून. खाली कुणीतरी काम करतंय आणि मी वर जेवतेय, हे वर्षभरात घडलं नव्हतं.

नीवेस परवा लेकीकडे गेली. जाताना दाराशी पुन्हा बजावलं.

आज दुपारी मी ताट वाढून बसले.

आवाज आला नाही.

सूप गार झालं. तरी नाही.

मग कापराचा वास आला... जिन्याकडून.

मी अर्धा जिना उतरले. तळघराचं दार उघडं होतं. कुलूप कडीलाच लटकत होतं, किल्ली माझ्या खिशात होती. टेबलावरचा दिवा लागलेला. पेनाचं टोपण काढून बाजूला ठेवलेलं, समोर कोरा कागद.

आणि स्टूल...

स्टूल खाली आणलेलं होतं. माझ्या उंचीला.

मी वर आले. आता स्वयंपाकघरात बसून हे बॉलपेनने लिहितेय. खाली अजून काही आवाज नाही. दिव्याचा उजेड तेवढा जिन्याच्या दाराच्या फटीतून दिसतोय.

नीवेसला फोन करायला हवा. जायचं नाही, हेही कळतंय.

पण तो गेल्यापासून मला कुणीच बोलावलेलं नाही.