सहासष्ट नंबरची बोटं

राजम्याचा बंद डबा हातात धरून तो कुबिचेकांच्या पिकअपपाशी येऊन उभा राहिला, तेव्हा मार्लिसचे बाबा पळी हवेत फिरवून भांडत होते. भुरभुर पाऊस चालू होता. करड्या रंगाचा रेनकोट, कपाळावर चिकटलेले ओले केस, आणि चेहऱ्यावर चुकीच्या लग्नात शिरलेल्या माणसाचा भाव...

"ओपनर मिळेल का?" त्याने विचारलं.

मिळालंही असतं. पण आमच्या विलोफोर्डमध्ये सामन्याच्या शनिवारी कुणाला नुसतं ओपनर मिळत नाही, आधी मत द्यावं लागतं. गाड्यांचे मागचे फळके पाडून, शेगड्या पेटवून अख्खं गाव सकाळपासून कॉलेजच्या मैदानाबाहेर बसलेलं असतं, आणि विषय एकच — कोच डेनिंग. आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघाच्या चढाईची प्रत्येक चाल हा माणूस ठरवतो. ती त्याने चुकीची ठरवली, याबद्दल गावाचं एकमत आहे. बरोबर कोणती होती, यावरून मात्र सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत.

बाबांचं, म्हणजे व्हर्न कुबिचेक यांचं म्हणणं असं, की चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असताना दर तिसऱ्या प्रयत्नाला मधूनच मुसंडी मारायची, हे काही डोकं चालवणं नव्हे. समोर भिंत दिसतेय तर चेंडू वरून फेका की. मार्लिसच्या काकांचं म्हणणं, चेंडू फेकणाऱ्या त्या पोराच्या खांद्यात तेवढा जोर नको का. मग दोघांनी एकदमच पाहुण्याला पंच केलं.

पाहुण्याने जरा विचार केला आणि म्हणाला, की कोचना घरी आई असेल, तिला हे सगळं ऐकून वाईट वाटत असेल.

मार्लिसला हसू आलं. आज नदीपलीकडच्या हार्मनशी सामना होता, वर्षातला सगळ्यात मोठा. अशा दिवशी डेनिंगच्या आईचा विचार करणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला होता. तिने वाडग्यात राजमा-खिम्याची तिखट चिली वाढली, वर दालचिनीचा गोड रोल ठेवला आणि वाडगा त्याच्या हातात दिला.

"हे यात चुकून पडलं का?" त्याने रोलकडे बोट दाखवलं.

"बुडवून खायचं असतं."

"तिखटात गोड?"

"मग तुमच्याकडे काय करतात?"

"आमच्याकडे जेवण झाल्यावर गोड खातात. जुनी पद्धत आहे... चालते अजून."

हे 'आमच्याकडे' कानावर पडताच खरं तर तिने विचारायला हवं होतं, की कुठे. पण त्याने तेवढ्यात रोल बुडवून खाल्ला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. विचारायचं राहून गेलं.

नाव ऑगी थॉर्सन. पवनचक्क्या दुरुस्त करतो. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, हे कळल्यावर त्याने तिच्या डोळ्यांत जरा जास्तच बघितलं, आणि मग घाईघाईने वाडग्यात.

"तुमचं काय मत? मधून, की वरून?"

"मला मत नाही," मार्लिस म्हणाली. "मला दिसतं."

आणि मग तिने ते सांगितलं. बाबांनाही सांगितलं नव्हतं, कारण बाबांना सांगणं म्हणजे गावाच्या भोंग्यावर सांगणं. पण हा माणूस मधे न बोलता ऐकत होता. त्या मोकळ्या मैदानात असं कुणी तिचं आजवर ऐकलं नव्हतं. आघाडीच्या रांगेतला सहासष्ट नंबरचा थोराड पोरगा... मुसंडी मारायची असली, की वाकताना त्याची बोटं गवतात रुततात. पास असला, म्हणजे चेंडू वरून फेकायचा असला, की हात नुसता टेकलेला असतो, अलगद. चाल सुरू होण्याआधीच तिला कळतं.

"असं," तिने त्याच्या बाहीवर बोटं रुतवून दाखवली. "आणि असं."

दुसऱ्यांदा ती नुसती टेकवली. काढायला मात्र वेळ लावला.

"मला तुम्हाला एक सांगायचंय—" ऑगी म्हणाला.

पण मार्लिसचं अजून डाव्या बाजूच्या पोराबद्दल सांगायचं राहिलं होतं. ते होईतो भोंगा वाजला, लोक आत निघाले, आणि तो तिच्या हातात रिकामा वाडगा देऊन गर्दीत नाहीसा झाला. राजम्याचा डबा तिथेच राहिला.

सामना सुरू झाला आणि आमच्या पोरांचं काही चालेना. मधून गेलं की हार्मनची भिंत उभी, वरून फेकलं तर हार्मनचे हात आधीच तिथे. बाबा डेनिंगच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. मार्लिसने त्यांची दुर्बीण घेऊन सहज पलीकडच्या बाजूला लावली.

कठड्याला रेलून ऑगी उभा होता. रेनकोट काढलेला, आत लालभडक हार्मनचा स्वेटर. कठड्याखाली, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर, हार्मनचा बचावाचा कोच. दोघांचं नाक तेच, हनुवटी तीच. सख्खा भाऊ. आणि ऑगी वाकून त्याच्या कानात काहीतरी सांगत होता.

अख्ख्या गावाचा वर्षाचा सामना तिने एका गोड रोलाबरोबर वाढून दिला होता. त्याहून लागलं ते वेगळंच. तो माणूस तिला आवडला होता.

मध्यंतराला ती हिरव्या जाकिटात, मैदानाला वळसा घालून थेट लाल गर्दीत घुसली.

"तू सांगितलंस," ती म्हणाली.

"नाही."

"मी पाहिलं. त्याच्या कानात बोलत होतास."

"आईने निरोप दिलाय, रात्री जेवायला ये म्हणून. तो फोन उचलत नाही."

"मग तुमच्या पोरांना आमची प्रत्येक चाल कशी कळते?"

"रागावू नकोस. पण तुमचा डेनिंग दर तिसऱ्या प्रयत्नाला मधूनच जातो आणि अडला की मगच फेकतो, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहितेय. त्याला सहासष्ट नंबरची बोटं कशाला लागतात?"

बाबाही सकाळपासून हेच म्हणत होते.

"रेनकोट का नाही उघडलास तिथे?"

"सांगायला गेलो तर तू डाव्या बाजूच्या पोरावर होतीस." मग तो हळूच म्हणाला, "विश्वास नाही ना? बस इथे. माझ्याकडे बघ. बोललो, तर तुझ्यासमोर."

ती बसली. शेजारच्या लाल टोपीतल्या म्हाताऱ्या बाईंनी तिच्या हिरव्या जाकिटाकडे बघून सुस्कारा सोडला, आणि सूर्यफुलाच्या बियांची पुडी तिच्यापुढे धरली.

मध्यंतरानंतर डेनिंगला कुणीतरी शहाणपण दिलं असावं. पास सुरू झाले, आमची पोरं सरकत सरकत पुढे आली. मार्लिस एक डोळा सहासष्ट नंबरवर ठेवून होती, दुसरा ऑगीवर. तो ओठ घट्ट मिटून, हात मांडीखाली दाबून बसला होता. दर चालीला त्याला कळत होतं, हे तिला दिसत होतं. स्वतःच्या गावाची आघाडी घटताना बघत होता, आणि गप्प.

शेवटी हार्मनकडे चार गुणांची आघाडी, आमच्या हातात एकच प्रयत्न, रेषा अगदी समोर; चेंडू तिच्यापलीकडे गेला की सहा गुण. लाल गर्दी ओरडत होती, की मधूनच येणार, मधूनच येणार. एवढ्यात खालून त्याचा भाऊ वळला.

"ऑगी, तुला काही दिसतंय का रे?"

मैदानावर सहासष्ट नंबर वाकला. हात गवतावर टेकला — अलगद. पास होता. एक शब्द, तेवढाच पुरे होता.

ती ऑगीकडे वळली.

तो मैदानाकडे बघतच नव्हता. पाठ फिरवून, भाऊ, सामना, सगळं मागे टाकून तो तिच्याकडे बघत होता. पापणीही न लववता.

"नाही रे," तो भावाला म्हणाला, मान न वळवता. "इथून काहीच दिसत नाही."

मग पलीकडच्या बाजूने हिरवी गर्जना उठली, आणि लाल बाजूला एकदम शांतता पसरली. म्हाताऱ्या बाईंनी बियांची पुडी खाली टाकली.

"काय झालं?" ऑगीने विचारलं.

"आम्ही जिंकलो वाटतं." मार्लिसच्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ती हसतही होती.

"तो आता मला जेवताना ऐकवणार. का गप्प बसलास म्हणून."

"मग काय सांगशील?"

"खरं ते. एका मुलीने विश्वासाने सांगितलं होतं, आणि तीच मुलगी मला पुढच्या शनिवारीही शेजारी हवी आहे." त्याचे कान स्वेटरइतके लाल झाले. "तुझं काय म्हणणं?"

तिने त्याच्या मांडीखाली दाबलेला हात ओढून बाहेर काढला, आणि आपली बोटं त्याच्या बोटांत रुतवली.

"बरं, निदान तो पास कसा होता ते तरी सांग," तो म्हणाला. "जन्मभर लोक मला तेच विचारतील."

त्या पासवर आमच्या गावात अजून भांडणं होतात. फार उंच फेकला, की नशिबाने लागला, चाल डेनिंगची होती, की पोराची स्वतःची. साक्षीला कुणालाही बोलावतात. फक्त या दोघांना कुणी विचारत नाही.

"मला काय माहीत?" मार्लिस म्हणाली. "मी तरी कुठे बघत होते."