मधला सांधा कोणाचा?

तळ्याकाठी मुक्काम ठरला, तंबू कुणी उभारायचा तेही ठरलं आणि मग बाबांनी जाहीर केलं, की छोटीला न्यायचं नाही!

"तिला गाडी लागते. कोपऱ्यावर जाऊन आलो तरी डोकं धरून बसते. उद्याच्या लांबच्या प्रवासात उगाच हाल. राहील शेजारच्या काकूंकडे."

पहिलीतली छोटी रडली नाही की भांडली नाही. बाहुलीच्या डोक्यावरचा चकचकीत मुकुट सारखा करत मुकाट बसून राहिली. तेच तिच्या मोठ्या बहिणीला, तायडीला, बघवेना. एरवी ही पोर भोकाड पसरून घर डोक्यावर घ्यायची.

सुट्टीसाठी मामाबरोबर त्याचा ढब्बूही आला होता. तायडीने या मामेभावाला अंगणात गाठलं. आजवर वळणावळणांच्या घाटातही छोटीला कधी गाडी लागली नव्हती. मग या दोन दिवसांतच काय झालं? ढब्बूने डोकं खाजवलं. छोटी तर तीच होती, मग बदललं होतं काय?

बदललं होतं ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. गाडीचा गंजका सायलेन्सर इतका डरकाळ्या फोडायचा, की शेजाऱ्यांचं बाळ दचकून उठायचं. परवा मामाने फुशारकी मारली, "गॅरेज कशाला? आपण घरीच बदलू." बाबा काय, एका पायावर तयार! गाडी उचलून खाली भक्कम टेकू दिले आणि दोघं खाली शिरले. बाबा इंजिनाच्या बाजूने नळ्या जोडत मागे येणार, मामा शेपटाकडून पुढे; प्रत्येक सांध्यात धूर अडवणारी पॅकिंगची रिंग घालायची. पण थोड्याच वेळात एका पान्यावरून दोघांची जुंपली आणि बोलणंच बंद झालं. पुढचं सगळं काम पोरांच्या तोंडून! "ढब्बू, तुझ्या बाबाला सांग, पाना दे." "तायडी, तुझ्या बाबांना सांग, पाना हरवलाय." तरी सायलेन्सर बसला, डरकाळ्या थांबल्या आणि दोघांनी आपापली पाठ आपणच थोपटून घेतली.

संध्याकाळी आई पाव आणायला निघाली, तेव्हा तायडीने एक युक्ती केली. मागच्या सीटवरच्या छोटीच्या कोपऱ्यात ती स्वतः बसली आणि छोटीला दुसऱ्या टोकाला, ढब्बूपलीकडे, उघड्या खिडकीशी बसवलं. घरी परतताना छोटी मजेत गाणी म्हणत होती आणि तायडीचं कपाळ ठणकत होतं. तिने पायाखालची चटई उचलली. पत्र्यात एक गोल भोक होतं. त्याचं रबरी बूच केव्हाच गळून पडलं होतं.

"ढब्बू, छोटीला काही झालेलं नाही," ती हळूच म्हणाली. "खोट त्या जागेत आहे."

बाबांना सांगायला गेली तर ते हसले. "घ्या, आता हिलाही गाडी लागायला लागली!"

तायडीला राग आला, पण तिने वाद घातला नाही. रागावून बाबा ऐकत नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने आईला विश्वासात घेतलं. आईने सगळं नीट ऐकलं आणि एकच अट घातली, गाडीखाली कुणीही शिरायचं नाही.

सकाळी सामान गाडीत चढलं. आईने मोकळ्या अंगणात हँडब्रेक ओढून इंजिन सुरू केलं. ढब्बूने लांब काठीच्या टोकाला पातळ कागदाची पट्टी बांधली आणि बाजूला ओणवं होऊन ती गाडीखाली सरकवली. इंजिनाजवळ पट्टी हलली नाही. मागे सायलेन्सरच्या डब्याजवळही हलली नाही. मधल्या सांध्याशी नेली मात्र, पट्टी फडफडायला लागली.

आईने इंजिन बंद केलं. तायडीने बाबांना आणि मामाला बोलावून समोरासमोर उभं केलं.

"तीन म्हटलं की दोघांनी एकदम बोट दाखवायचं," ती म्हणाली. "मधल्या सांध्यात पॅकिंगची रिंग कोणी बसवली? एक, दोन, तीन!"

बाबांचं बोट मामाकडे. मामाचं बाबांकडे.



"मला वाटलं, दाजींनी बसवली," मामा पुटपुटला.

"आणि मला वाटलं, याने. पण विचारणार कसं? आम्ही बोलत नव्हतो ना!"

"तुमचा अबोला आणि शिक्षा माझ्या लेकीला," आई शांतपणे म्हणाली. "तिथून गळणारा धूर त्या भोकातून आत येतो. तो विषारी असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. काचा बंद असत्या, ती वाटेत झोपली असती आणि आपण म्हटलं असतं, बरं झालं, झोपली."

बाबांचा चेहरा उतरला. ते छोटीसमोर उकिडवे बसले. "चुकलं माझं, बाळा. तुझं खरोखर दुखत होतं आणि मी ऐकलं नाही."

छोटीने मान डोलावली. मग रिंग म्हणजे काय असते, असं तिने विचारलं. मामाने बोटांनी गोल करून दाखवलं. तशी ती घरात पळाली आणि बाहुलीच्या डोक्यावरचा मुकुट घेऊन आली.

"ही का? अंगणात पडली होती. मला वाटलं, कुणाला नकोय."

नळ्या गार झाल्यावर बाबा आणि मामा पुन्हा गाडीखाली शिरले, या वेळी दोघं एकाच बाजूने. रिंग बसली, भोकाला नवं बूच लागलं. एवढ्याशा कामात दोघं इतकं बोलले, की आईलाच हसू आलं. शेवटी मामाने हात पुसले आणि काठी तायडीपुढे धरली. "बाईसाहेब, आता तुम्ही तपासा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय गाडी हलणार नाही."

इंजिन सुरू झालं. पट्टी सगळ्या सांध्यांपाशी स्वस्थ राहिली.

"शाब्बास गं पोरी! आणि ढब्बूशेठ, तुम्हीसुद्धा!" बाबा म्हणाले.

छोटी आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात चढून बसली आणि बाहुलीला नवा मुकुट हवा, इथपासून तिने जी सुरुवात केली, ती तळं दिसेपर्यंत अखंड बडबडत राहिली. मामाने दोनदा कानांवर हात ठेवले. पण "गप्प बस" म्हणायची त्या दिवशी कुणाचीच छाती झाली नाही. बाबा तर मधूनमधून मागे वळून विचारत होते, "मग, पुढे काय झालं?"