‘नवीन’ एवढाच शब्द

“हासू नोका,” मी म्हटलं.

“मी कुठं हासून राहिलो? तुमचा पंखाच तुमचे केस उडवून राहिला... पाहू बी नोको का?”

मी चौथ्यांदा फोटो पुसला. पवनीच्या बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, हेच रोजचं. खलाशाचं स्मार्ट ओळखपत्र मागायला आलेला अंकुश हा पहिलाच. बाप गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाळं टाकतो आणि पोरगा निघाला समुद्रावर! ते कार्ड नसेल तर बंदराच्या गेटातून आत सोडत नाहीत, आणि कार्डावरच्या फोटोत दात दिसलेले चालत नाहीत. एवढ्या कामाला त्याला तीन चकरा पडल्या. खरं सांगायचं तर दोन मीच पाडल्या.

दुसऱ्या चकरेला त्याने सुके झिंगे आणले. तिसऱ्या वेळी नुसताच येऊन बसला.

“मी गेल्यावर कोणाचे फोटो पुसान?”

“गिऱ्हाइकं का कमी हायेत मले?” मी म्हटलं, आणि कीबोर्डकडेच पाहत राहिले. नऊ महिने जहाजावर... मला नऊ दिवससुद्धा जड जाणार होते.

“गाव?”

“सावरगोंदी.”

सावरगोंदी धरणात बुडून बारा वर्षं झाली. टेकाडावर पुनर्वसन झालं, ते कागदोपत्री ‘नवीन सावरगोंदी’. पासपोर्टवरही तेच. पण तिथलं कोणीच ‘नवीन’ म्हणत नाही, बुडालेल्या गावाचंच नाव तोंडात येतं. असे कितीतरी फॉर्म मी न विचारता दुरुस्त केले आहेत. त्या दिवशी मात्र बोट अडलं. त्याचा पासपोर्ट समोर उघडा होता. तरी मी ‘सावरगोंदी’ एवढंच टाइप केलं आणि अर्ज पाठवून दिला. कार्ड अडकेल, महिनाभर तरी तो इथे राहील... एवढंच मनात होतं.

पत्ता जुळला नाही, अर्ज परत आला. तोवर जहाज निघून गेलं. त्याच्या जागी दुसराच कोणी चढला.

अंकुश आला तेव्हा चिडलेला नव्हता. तेच जास्त लागलं.

“चूक माहीच. गाव बुडला, पण तोंडातून जात नाही,” तो म्हणाला. “जाऊ द्या. बाबासंगं जाळं टाकीन. इथंच राहीन म्हनतो... तुमी असान त...”

हेच ऐकायला मी कान लावून बसले होते. नुसतं हो म्हणायचं होतं, त्याला जन्मात कळलं नसतं.

“चूक तुमची नाही,” मी म्हटलं. “पासपोर्ट मले दिसत होता. मीच मुद्दाम ‘नवीन’ लिवलं नाही.”

“काहून?”

“तुमी जाऊ नये म्हनून... तुमी मले आवडता.”

इतक्या वाईट वेळी कोणी प्रेमाची कबुली दिली नसेल.

“गाव बुडवला तवाबी मले कोनी विचारलं नवतं,” तो हळूच म्हणाला. “तुमी बी नाही विचारलं.” मग खुर्ची पुढे ओढली. “फॉर्म भरून द्या.”

मी ‘नवीन सावरगोंदी’ लिहिलं, एकेक अक्षर तपासून. फोटोही नव्याने काढायचा होता. पंखा चालूच होता, माझे केस उडतच होते. या वेळी ‘हासू नोका’ म्हणावं लागलं नाही. फोटो पहिल्याच झटक्यात बरोबर आला.