सामन्याआधीची कॅप्सूल

धाराशिवच्या खो-खो वसतिगृहात पोह्यांच्या रांगेत उभ्या मुली एकेक करून टी-शर्टचं टोक जरासं वर करत आणि भिंतीवरचं यंत्र त्यांच्या पोटाची खबर घेई. बेंबीशेजारी चिकटवलेली नखाएवढी पोटपट्टी आतड्यातले कामाचे जिवाणू मोजायची. पट्टी हिरवी असली की नुसते पोहे, पिवळी असली की सोबत पेलाभर ताक. कुणा विद्यापीठाचा हा प्रयोग सुरू होऊन महिनाच झाला होता, पण 'ए ताकवाले!' ही हाक एवढ्यातच रुळली होती.

महिनाभराची मोजणी जमली आणि त्या सकाळी सारजा गवळीची पट्टी पहिल्यांदाच नारिंगी झाली. यंत्रानं ताक सांगितलं नाही, एक ओळ दाखवली: 'पन्नाशीनंतर कंपवाताची शक्यता सरासरीच्या दुप्पट.'

"कंपवात म्हंजे?" मागून निलोफरनं मान पुढं काढली.

"मेंदूतल्या काही पेशी हळूहळू मरतात. हात थरथरतात, चाल अडखळते," सारजा म्हणाली.

"पट्टी तर पोटावर हाय की!"

"पोटातून मेंदूकडं नस जाते, शहाणे. खालचं बिघडलं की वर कळतं."

दुसरी कुणी असती तर रडत खोलीत गेली असती. सारजाला कर्णधार होऊन पंधराच दिवस झाले होते आणि सगळं मैदान आपल्या नावावर झाल्यासारखी ती चालत होती. तिनं वही काढली आणि दुपारपर्यंत अठराही जणींचे रंग लिहून घेतले. लिहून झाल्यावर तिचं पेन थांबलं. नव्या आलेल्या चौघी हिरव्या. वर्षभर राहिलेल्या तिघी पिवळ्या. दोन वर्षांवरच्या अकराही जणी नारिंगी.

संध्याकाळी प्रशिक्षक उबाळे सरांनी मैदानातल्या खांबापाशी नारळ फोडला. राज्य स्पर्धेची फायनल दुसऱ्या दिवशी होती. मोठ्या सामन्याआधीच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकीच्या उजव्या हातावर खोबऱ्याचा तुकडा आणि त्यावर एक लाल-पांढरी कॅप्सूल. पुढचे चार दिवस रोज एक. मुली तिला प्रसादच म्हणायच्या, आणि प्रसादाला कुणी नाही म्हणत नसतं.

सारजानं खोबरं तोंडात टाकलं. कॅप्सूल परत केली.

"हे काय?" सर म्हणाले. "नाकाचा नळ झालाय तुझ्या. खा गुमान."

"सर्दी विषाणूची असते, सर. हे प्रतिजैविक जिवाणूंना मारतं. सर्दीला हात लावत नाही, आमच्या पोटातल्यांना मात्र झोडपतं."

"डॉक्टर झालीस व्हय गं?"

"दहावीत आहे. न्यूमोनिया झाला आणि डॉक्टरांनी लिहून दिलं, तर सगळ्यात आधी मी खाईन. पण हे काय, लेमनच्या गोळ्या वाटल्यासारखं!"

मागं कुणीतरी खुदकन हसलं. सरांचा चेहरा तापला. "मग उद्या बाहेर बसायचं."

उद्या भारतीय संघाचे निवडकर्ते येणार होते. तीन वर्षं पहाटे उठून मारलेले सूर, सोललेले गुडघे, सगळं उद्यासाठीच तर होतं. तिनं हनुवटी वर केली.

"बसते."

"मी पण," निलोफर म्हणाली आणि तिनंही कॅप्सूल परत ठेवली. मग तिसरी. मग सगळ्याच.

"मैदानात नऊ जणी लागतात, सर," सारजानं वही पुढं धरली. "अन्न एक, पाणी एक. फरक एवढाच, की कुणी किती वर्षं तुमच्या हातून गोळ्या खाल्ल्या."

सर आयुष्यभर स्टॉपवॉचवर जगलेले. आकड्यांपुढं त्यांनी कधी हुज्जत घातली नव्हती. वही वाचता वाचता ते खांबाला टेकून खालीच बसले.

"एका फायनलला सहा पोरी तापानं आडव्या पडल्या होत्या," ते हळू म्हणाले. "तेव्हापासून देतोय. एकतीस वर्षं."

"पण आम्ही खाल्लं त्याचं काय?" निलोफरनं विचारलं. आता कुणी हसलं नाही.

"शक्यता म्हणजे निकाल नव्हे," सारजा म्हणाली. "गेलेले जिवाणू परत रुजवता येतात का, यावर विद्यापीठातल्या पट्टीवाल्या मॅडम काम करतायत."

"आणि नाही आले तर?"

"तर त्यांच्या दारात जाऊन बसू! पन्नाशीला चौतीस वर्षं आहेत. तोवर कुणाला स्वस्थ बसू देते का बघ."

"आपल्याला हाईत चौतीस," निलोफर म्हणाली. "सरांच्या पहिल्या टीमला?"

सरांनी झटकन वर पाहिलं. त्या मुली आता पन्नाशीला टेकल्या होत्या. सरांनी कॅप्सूलचा डबा दूर सारला, खिशातून फोन काढला आणि ते बराच वेळ त्या पहिल्या टीमची नावं शोधत राहिले.

"सारजा, उद्या तूच उतरायचं. शिंकत उतर, पण उतर."

मग फोन लागला. अठरा मुली भोवती उभ्या राहिल्या.

"हॅलो, सुमित्रा? उबाळे सर बोलतोय... नाही गं, सत्कार-बित्कार काही नाही. आधी एक सांग पोरी, तुझे हात... स्थिर आहेत ना?"